ज्वालाग्राही वायूंच्या टाक्यांचे भूसंपर्कन

द्रवीकृत खनिज तेल वायू, प्रोपेन, नैसर्गिक वायू, हायड्रोजन इ. चटकन पेट घेणारे वायू ज्या धातूच्या टाक्यांत साठवितात त्या टाक्या, त्यांचे नळ, पंप, झडपा आणि वायू भरण्याची व उतरविण्याची साधने विद्युत् संवाहकाने एकमेकांशी व जमिनीशी कायमची जोडून ठेवण्याच्या योजनेला भूसंपर्कन म्हणतात. व्यवहारात ‘अर्थिंग’ हाच शब्द रूढ आहे. गळालेल्या वायूची ठिणगीशी गाठ पडू नये, हा या योजनेचा उद्देश होय. जमीन विजेला गिळून टाकते व टाकीला जोडलेली एक पट्टी जमिनीत गाडली की काम भागले, असा समज सर्वत्र आढळतो. तो अपुरा आहे. टाकीच्या परिसरात तीन निरनिराळ्या प्रकारची वीज उद्‌भवू शकते : वहनातील घर्षणाने साचणारी स्थिर विद्युत्, विद्युत् पुरवठ्यातील दोषामुळे धातूच्या सांगाड्यात शिरणारा प्रवाह आणि आकाशातून पडणारी वीज. या तिन्हींच्या मागण्या इतक्या भिन्न आहेत की, जमिनीच्या रोधाच्या एकाच आकड्याने त्यांचे समाधान होत नाही. धातूचे सर्व भाग परस्परांना जोडून त्यांच्यातील विद्युत् दाबाचा फरक नाहीसा करणे (समविभवी जोडणी, कारागिरांच्या भाषेत ‘बाँडिंग’) हे मात्र तिन्हींना लागू पडणारे सूत्र आहे.

महाराष्ट्रात या विषयाचे महत्त्व पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवड–चाकण पट्ट्यात विशेष जाणवते. चाकण येथे घरगुती सिलिंडर भरण्याचे केंद्र असून उरणहून चाकण व शिक्रापूरकडे द्रवीकृत वायूचा नळमार्ग टाकण्यात आला आहे. कारखान्यांतील भट्ट्या, उष्णता संस्करण व रंग वाळविणे यांसाठी आवारातच आडव्या दंडगोलाकार टाक्या (‘बुलेट’) बसवितात. २००६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॅचरल गॅस लि. या कंपनीमार्फत या भागात घरोघरी व वाहनांना नैसर्गिक वायू पुरविला जातो. याच पट्ट्याच्या दक्षिण टोकाला, पवना व मुळा या नद्यांच्या दरम्यान, सांगवीसारख्या दाट वस्त्या आहेत. कारखाना, टँकरचा रस्ता आणि राहती घरे यांच्यात येथे फारसे अंतर उरलेले नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगवीपासून फार दूर नसलेल्या ताथवडे येथे एका टँकरमधून सिलिंडरांत बेकायदा वायू भरला जात असताना आग लागली व सिलिंडरांचे एकामागून एक स्फोट झाले. अधिकृत केंद्रात टँकर उतरविताना जी व्यवस्था पाळली जाते तिचे स्वरूप कळले म्हणजे अशा चोरट्या भरणीत कोणता धोका पत्करला जातो, हे ध्यानात येते.

वायू, हवा व ठिणगी : प्रोपेन हवेत घनफळाने सु. २·१ ते ९·५ टक्के असेल तरच ते मिश्रण पेटते. भरलेल्या टाकीत द्रवाच्या वरची जागा वायूने पूर्ण व्यापलेली असून तेथे हवा नसते. म्हणून टाकीच्या आत ठिणगी पडली, तरी स्फोट होत नाही. पेट्रोल, डीझेल यांच्या वातावरणाशी संपर्क असलेल्या टाक्या आणि दाबाखालील वायूची टाकी यांत हा मूलभूत फरक आहे. वायूच्या टाकीचा धोका जेथे वायू व हवा एकत्र येतात तेथे असतो : लवचिक नळी सोडवितानाचा क्षण, झिरपणारा सांधा, उघडलेली सुरक्षा झडप, तसेच नवी किंवा दुरुस्तीसाठी रिकामी केलेली टाकी प्रथम भरण्याचा काळ. अशा टाकीत हवा राहिलेली असते. ती नायट्रोजनासारख्या निष्क्रिय वायूने आधी हुसकून लावावी लागते. प्रोपेन हवेच्या सु. दीडपट व ब्युटेन सु. दुप्पट जड असल्याने गळालेला वायू जमिनीलगत पसरून गटारे, खंदक व तळघरे यांत साचतो. एक लिटर द्रवापासून सु. २५० लिटर वायू होतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

अशा मिश्रणाला पेटविण्यास लागणारी ऊर्जा फारच थोडी असते. प्रोपेनाच्या बाबतीत ती सु. ०·२५ मिलिज्यूल, मिथेनाच्या बाबतीत सु. ०·२८ मिलिज्यूल आणि हायड्रोजनाच्या बाबतीत तर केवळ ०·०२ मिलिज्यूलच्या आसपास असते. माणसाच्या शरीराची विद्युत् धारणा सु. १५० पिकोफॅराड धरली आणि नायलॉनचे कपडे व कोरडी हवा यांमुळे शरीरावर १०,००० व्होल्ट दाब चढला, तर साठलेली ऊर्जा ७·५ मिलिज्यूल, म्हणजे प्रोपेन पेटविण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या ३० पट भरते. बोटाला जेमतेम जाणवणाऱ्या चटक्यातही वायू पेटविण्यापुरती ऊर्जा असते. पुणे परिसरात मार्च–एप्रिलमध्ये दुपारची हवा अत्यंत कोरडी होते. त्या दिवसांत शरीरावरील, रबरावरील व प्लॅस्टिकवरील भार ओसरण्यास वेळ लागतो.

स्थिर विद्युत् : दोन भिन्न पदार्थ एकमेकांना स्पर्शून विलग झाले की, त्यांच्यावर विरुद्ध भार राहतात. द्रवीकृत वायू हा विजेचा मंद वाहक असल्याने नळातून वाहताना, विशेषतः गाळणीतून जाताना, तो भार घेऊन पुढे जातो आणि नळावर व टाकीवर भार साचतो. शुद्ध कोरडा वायू वाहताना फारसा भार निर्माण होत नाही; मात्र त्याबरोबर द्रवाचे तुषार, गंजाचे कण किंवा धूळ असल्यास चित्र पालटते. झडपेतून वेगाने फवारणारा द्रवीकृत वायू म्हणूनच विशेष धोक्याचा असतो. १९५४ मध्ये जर्मनीतील बिटबर्ग येथे विमानाच्या इंधनाच्या टाकीत कार्बन डाय-ऑक्साइड सोडून अग्निशमन व्यवस्थेची चाचणी घेतली जात असताना स्फोट झाला व त्यात अनेक माणसे दगावली. कार्बन डाय-ऑक्साइडाच्या हिमकणांवरील स्थिर भार हे त्याचे कारण मानण्यात आले. आग विझविणारा वायूच येथे आगीला कारण झाला.

रबरी चाकांवर उभा असलेला टँकर हा जमिनीपासून विलग झालेल्या संवाहकासारखा वागू शकतो. त्याची धारणा सु. १,००० पिकोफॅराड व दाब १०,००० व्होल्ट धरल्यास साठलेली ऊर्जा ५० मिलिज्यूल होते. प्रोपेन पेटण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या ती २०० पट आहे. हा भार निचरून जाण्यास मात्र फार चांगल्या भूसंपर्काची गरज नसते. भारनिर्मितीचा प्रवाह साधारणतः मायक्रोअँपिअरांत मोजण्याइतका असतो. एक मायक्रोअँपिअर प्रवाह दहा लाख ओहम रोधातून गेला, तरी टाकीवर अवघा एक व्होल्ट दाब चढतो. स्थिर विद्युतेच्या दृष्टीने जोडणी अखंड असणे हे सर्वस्व आहे. तिचा रोध ५ ओहम की ५०० ओहम, हा प्रश्न गौण होय. काही टँकरांच्या मागे रस्त्यावर घासत जाणारी साखळी दिसते. कोरड्या डांबरी रस्त्यावर तिचा उपयोग जवळजवळ शून्य असतो.

सात ओहमांचा आकडा : भारतात पेट्रोलियम नियम, २००२ अन्वये पेट्रोलियमच्या टाकीला समोरासमोरच्या दोन बाजूंनी किमान दोन स्वतंत्र भूसंपर्क असावे लागतात. जमिनीशी असलेला रोध ७ ओहमांपेक्षा आणि साधनांच्या कोणत्याही दोन भागांमधील रोध २ ओहमांपेक्षा अधिक चालत नाही. दाबाखालील वायूच्या टाक्यांसाठी १९८१ चे व त्यांच्या जागी आलेले २०१६ चे स्थिर व फिरती दाबपात्रे नियम लागू असून त्यांची अंमलबजावणी नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना करते. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या विस्फोटक विभागाचे हे आजचे रूप होय. टाक्यांच्या आवारात काम करणाऱ्यांच्या तोंडी सात ओहमांचा आकडा इतका बसला आहे की, तपासणीच्या वहीत ‘६·८’ असे लिहिले गेले की, सर्व ठीक असल्याचे मानले जाते. म्हणून हा आकडा तिन्ही कामांना लावून पाहणे उद्‌बोधक ठरते.

स्थिर विद्युतेचा एक मायक्रोअँपिअर प्रवाह ७ ओहमांतून गेल्यास ७ मायक्रोव्होल्ट दाब चढतो; म्हणजे हा रोध गरजेपेक्षा लक्षावधी पटींनी चांगला आहे. आता पंपाच्या विद्युत् चलित्रात (मोटरीत) दोष उत्पन्न होऊन २३० व्होल्टची तार सांगाड्याला टेकली आणि परतीचा मार्ग फक्त जमिनीतूनच असला, तर ७ ओहमांतून जेमतेम ३३ अँपिअर प्रवाह वाहील. ६३ अँपिअरचा वितळतार (फ्यूज) त्याने वितळणार नाही. सांगाडा तसाच भारित राहील व एखाद्या सैल सांध्यात तापणे किंवा ठिणग्या पडणे चालू राहील. यासाठी चलित्रापासून रोहित्राच्या शून्यबिंदूपर्यंत धातूचा अखंड परतमार्ग आणि गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे साधन यांची आवश्यकता असते. जमिनीतील खड्डा हे काम करू शकत नाही. राहिली आकाशातील वीज. तिचा प्रवाह ३०,००० अँपिअर धरला, तर ७ ओहमांवर २,१०,००० व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. टाकीपासून हातभर अंतरावर न जोडलेला एखादा पाण्याचा नळ असला, तर मधल्या हवेतून वीज त्यावर उडी घेईल. टाकी, नळ, जिना व कुंपण ही सर्व एकमेकांना जोडलेली असली म्हणजे सर्वांचाच दाब एकदम चढतो व उतरतो. ठिणगीला कारणच उरत नाही. पूर्वी तडित् संरक्षणाचे, यंत्रसामग्रीचे व स्थिर विद्युतेचे भूसंपर्क एकमेकांपासून अलग ठेवण्याकडे कल होता. आता ते जमिनीखाली एका जाळ्यात जोडतात, याचे कारण हेच होय.

जमिनीचा गुण : भू-अग्राचा रोध मुख्यतः मातीच्या रोधकतेवर अवलंबून असतो. भारतीय मानक ३०४३ मध्ये याची सूत्रे दिलेली आहेत. ३ मी. लांब व ४० मिमी. व्यासाचा नळ उभा पुरला, तर रोधकता १०० ओहम-मीटर असलेल्या जमिनीत त्याचा रोध सु. ३० ओहम येतो. १० ओहम-मीटरच्या ओलसर चिकणमातीत तोच ३ ओहम, तर १,००० ओहम-मीटरच्या खडकाळ जमिनीत ३०० ओहम भरतो. सांगवीच्या नदीकाठच्या गाळाच्या मातीत एकदोन नळांनी जे साधते ते चाकणच्या बाजूच्या मुरमाड, बेसाल्टी जमिनीत साधण्यास अनेक अग्रे किंवा खोल छिद्रे घ्यावी लागतात. अग्रे जवळजवळ पुरल्यास त्यांचा फायदा घटतो. दोन अग्रांत निदान त्यांच्या लांबीइतके अंतर ठेवतात. काळी माती फसवी असते. पावसाळ्यात ती उत्तम संवाहक असते; उन्हाळ्यात तिला भेगा पडून ती अग्रापासून सुटते व रोध कित्येक पटींनी वाढतो. ऑगस्टमध्ये घेतलेले वाचन मे महिन्याविषयी काहीच सांगत नाही. रोधाची वार्षिक मोजणी पावसाळ्यापूर्वी, जमीन सर्वांत कोरडी असताना, करणे हेच योग्य होय. खड्ड्यात मीठ व कोळसा घालण्याची जुनी पद्धत अद्याप प्रचारात आहे. मिठाने रोध उतरतो. पण ते पाण्याबरोबर वाहून जाते आणि लोखंड कुरतडते. बेंटोनाइट मातीचे भरण अधिक टिकाऊ असते.

टँकर उतरविणे : साठवणीच्या सर्व कामांत हे सर्वांत जोखमीचे असून भूसंपर्काचा क्रम येथे निर्णायक असतो. टँकर जागेवर उभा करून इंजिन बंद करतात व चाकांना अटकाव लावतात. त्यानंतर पहिली जोडणी भूसंपर्काच्या तारेची, तीही टँकरवर नेमून दिलेल्या, रंग खरवडलेल्या स्वच्छ धातूच्या जागी करतात. ही जागा नळी जोडण्याच्या तोंडापासून दूर असते. तार चिकटविताना ठिणगी पडायचीच असेल, तर ती वायू नसलेल्या ठिकाणी पडावी, हा त्यामागील विचार आहे. नंतर लवचिक नळ्या जोडतात. काम संपल्यावर उलट क्रम : आधी नळ्या सोडवायच्या व सर्वांत शेवटी तार. नळी सुटताना तिच्यात राहिलेला थोडासा वायू बाहेर येतोच. त्या क्षणी तार आधीच काढलेली असली, तर टँकर व नळाचे तोंड यांच्यात दाबाचा फरक राहू शकतो. आधुनिक केंद्रांत भूसंपर्काचे मंडल पूर्ण झाल्याखेरीज पंप चालूच होणार नाही, अशी स्वयंचलित अटक बसवितात. मात्र चिमट्याचे दात बोथट झाले किंवा तो रंगाच्या थरावर बसला, तर साध्या तारेच्या जोडणीत हा दोष डोळ्यांना दिसत नाही. चोरट्या भरणीत तार, क्रम व अटक यांपैकी काहीच असण्याची अपेक्षा नसते, आणि उघड्या जागी तोंडाशी वायू सुटणे तर ठरलेलेच असते.

नळांच्या सांध्यांत (फ्लँजांत) वायुरोधी चकती बसविलेली असते व ती बहुधा विजेची निरोधक असते. बोल्ट स्वच्छ असले, तर त्यांतून वीज वाहते. गंज व रंग यांचा मात्र भरवसा धरता येत नाही. म्हणून सांध्यावरून तांब्याची किंवा जस्तलेपित पोलादाची पट्टी (‘जंपर’) टाकतात. या पट्ट्यांचा रोध दर वर्षी मोजून मागील वर्षाच्या वाचनाशी ताडून पाहणे उपयुक्त ठरते. मर्यादेच्या आत असूनही सतत चढत जाणारे वाचन सैल पडत चाललेला सांधा दर्शविते. भू-अग्राचे मापन करताना ते मुख्य जाळ्यापासून सुटे करावे लागते. वायूची चढ-उतार चालू असताना हे कधीही करीत नाहीत. टाकीला दोन स्वतंत्र भूसंपर्क असण्याचा एक लाभ असा की, एकाची तपासणी चालू असताना टाकी दुसऱ्याने जोडलेली राहते.

तडित् : दाबाखालील वायूच्या टाकीचा पोलादी पत्रा पुरेसा जाड असल्याने वीज थेट पडली, तरी सहसा छिद्र पडत नाही; सु. ५ मिमी. जाडीचा पत्रा यासाठी पुरेसा समजतात. धोका सुरक्षा झडपेच्या तोंडाशी व सांध्यांपाशी असतो. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी मुंबई बंदरातील जवाहर द्वीप (बुचर बेट) येथील डीझेलच्या टाकीवर वीज पडून लागलेली आग विझविण्यास काही दिवस लागले. ती टाकी वायूची नव्हती. परंतु परतीच्या पावसाळी मेघगर्जनांच्या दिवसांत साठवणुकीच्या ठिकाणी कोणता प्रसंग ओढवू शकतो, हे तिने दाखवून दिले. आकाशात गडगडाट सुरू झाला की, टँकर भरणे व उतरविणे थांबवितात. [⟶ तडित्].

मातीखालील टाक्या : १९ नोव्हेंबर १९८४ रोजी मेक्सिको शहराजवळील सान व्हानिको येथे द्रवीकृत वायूच्या गोलाकार व दंडगोलाकार टाक्यांचे साखळी स्फोट होऊन सु. ५०० माणसे मरण पावली. उघड्या टाकीला बाहेरून आगीचा वेढा पडला म्हणजे ती फुटते, हे टाळण्यासाठी टाक्या वाळू-मातीच्या ढिगाखाली ठेवण्याची पद्धत त्यानंतर वाढीस लागली. आगीचा प्रश्न असा सुटला. पण विजेचा एक नवा प्रश्न उभा राहिला. मातीतील पोलाद गंजू नये म्हणून त्याला ऋणाग्री संरक्षण देतात. म्हणजे जस्त किंवा मॅग्नेशियमाचे धनाग्र अथवा बाहेरचा एकदिश प्रवाह वापरून टाकी ऋण दाबावर ठेवतात. अशा टाकीला तांब्याचे भू-अग्र जोडले, तर संरक्षणाचा प्रवाह तांब्याकडे वाहून जातो आणि तांबे-पोलाद यांच्या विद्युत् घटामुळे टाकीच उलट अधिक वेगाने गंजते. विद्युत् अभियंत्याला टाकी जमिनीशी जोडलेली हवी असते, तर गंजप्रतिबंधक अभियंत्याला ती तुटलेली हवी असते. तडजोड म्हणून जस्ताचे भू-अग्र वापरतात, नळमार्गात निरोधक सांधा घालून टाकी उरलेल्या जाळ्यापासून अलग करतात आणि त्या सांध्यावर, एरवी बंद राहणारे पण तडित् किंवा दोषप्रवाह आल्यास वाट देणारे, साधन बसवितात. नंतरच्या दुरुस्तीत कोणी या सांध्यावर नेहमीच्या सवयीने तांब्याची पट्टी जोडली, तर संरक्षण निकामी होते व त्याचा पत्ता कित्येक वर्षे लागत नाही.

मर्यादा : भूसंपर्कनाने ठिणगीची काही कारणे दूर होतात, वायूची गळती थांबत नाही. ४ जानेवारी १९६६ रोजी फ्रान्समधील फेझँ येथे प्रोपेनाच्या गोलाकार टाकीतून निसटलेला वायू जवळच्या रस्त्यापर्यंत पसरला आणि तेथील एका मोटारगाडीमुळे पेटला. पुढील स्फोटांत १८ जण मृत्युमुखी पडले. त्या मोटारगाडीवर टाकीच्या भूसंपर्काचा काही परिणाम होणे शक्यच नव्हते. यासाठी टाकीभोवतीच्या जागेचे वायू असण्याच्या संभवानुसार विभाग पाडून त्या त्या विभागात ज्वालारोधी आवरणाची विद्युत् साधनेच वापरतात. सुरक्षित अंतरे, वायुशोधक उपकरणे व पाण्याचे फवारे ही योजना तिच्या जोडीला असते.

वस्तीतील वापर : घरातील सुट्या सिलिंडरला भूसंपर्काची गरज नसते. इमारतीच्या सिलिंडरघरातील धातूचे नळ मात्र इमारतीच्या समविभवी जाळ्याला जोडलेले असावे लागतात. याच्या उलट, वायूचा नळ हाच भू-अग्र समजून त्याला विजेच्या उपकरणाची तार बांधणे निषिद्ध आहे. भारतीय मानकातही त्याला स्पष्ट मनाई आहे. जमिनीखालून शहरभर वायू नेणारे नळ आता बहुतांशी पॉलिएथिलिनाचे असतात. प्लॅस्टिक विजेचे निरोधक असल्याने भूसंपर्काची तार जोडूनही त्यावरील भार निचरत नाही आणि धुळीसह वाहणाऱ्या वायूमुळे नळाच्या आतल्या व बाहेरच्या पृष्ठावर भार साचतो. असा गळका नळ कापण्यापूर्वी किंवा दाबून बंद करण्यापूर्वी त्याच्याभोवती साबणाच्या पाण्यात भिजविलेला सुती फडका गुंडाळून त्याचे टोक ओल्या मातीत दाबून ठेवतात आणि काम संपेपर्यंत तो सुकू देत नाहीत.